तीनदा मेलेला कपितान

कपितान पासादो तीनदा मेला होता. एकदा पटकीने, एकदा नुसत्या म्हातारपणाने, आणि एकदा, त्या गिचमिड अक्षराचा जो काही अर्थ लागला त्यावरून, म्हशीने ढुशी दिल्याने. मधल्या काळात त्याने चार बायका केल्या, पैकी दोघी एकाच वर्षी हयात होत्या, आणि पहिल्या मरणानंतरही त्याला मुलं होतच राहिली. पहिलं नाव तर दर नोंदीत निराळं. कुठे डॉन मारियानो, कुठे डॉन इलारियो, कुठे आणखी कोणी. पुढचं 'कपितान पासादो' तेवढं ठरलेलं. चर्चच्या मागच्या खोलीत बसून फेलीने ते जुनं बाड मिटलं आणि डोक्याला हात लावला.

"जुने लोक एकाच पोराला पाच-पाच नावं ठेवायचे," तरुण पाद्री म्हणाला. त्यालाही स्पॅनिश फेलीइतकंच येत होतं, म्हणजे खाण्यापुरतं आणि शिव्यांपुरतं.

"पण पाच-पाचदा मरायचे का हो, पाद्रे?"

पाद्रीने खांदे उडवले आणि खिडकी लावून घेतली, कारण बाहेर चौकात बँडवाल्यांची तालीम सुरू झाली होती.

फेली शिंपीण होती, संशोधक नव्हे. पन्नाशी उलटलेली, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. फिएस्ता, म्हणजे गावची जत्रा, तोंडावर आलेली असताना तिच्या मशीनवर अर्ध्या गावाचे झगे पडलेले होते आणि ही बाई मेलेल्या माणसाची मरणं मोजत बसली होती. याला कारण तिची आई, कोन्सिंग.

यंदाच्या फिएस्ताला पामुयानच्या चौकात कपितान पासादोचा पुतळा उभा राहणार होता. सिमेंटचा, वरून सोनेरी रंग. स्पॅनिश अमलात गावाचा कारभार बघणाऱ्या मुखियाला कपितान म्हणत. तसे आमच्या गावाला पुष्कळ कपितान झाले असतील, पण पोराटोरांच्या तोंडी नाव एकच, पासादो. ज्वालामुखी फुटला तेव्हा ज्याने घंटा वाजवून सगळा गाव टेकडीवर नेला तो. दुष्काळात ज्याने स्वतःचं कोठार उघडलं तो. गोऱ्या पाद्रीच्या ज्याने कानाखाली वाजवली तोही तोच. पुतळा-समितीने दवंडी पिटली होती की कपितानाच्या वंशजांसाठी पहिल्या रांगेत खुर्च्या राखून ठेवल्या जातील. आणि ऐंशी ओलांडलेली कोन्सिंग, जिने आयुष्यभर कधी कोणाकडे काही मागितलं नाही, ती म्हणाली होती, "मला तिथे बसायचंय."

फेली घरी पोचली तेव्हा कोन्सिंग ओट्याशी बसून केळीच्या पानात चिकट भात गुंडाळत होती. पामुयानमध्ये सुमान म्हटलं की कोन्सिंगचंच. बोटं वाकडी झाली तरी पानाची घडी वाकडी होत नव्हती.

"सापडला का?" तिने वर न बघता विचारलं.

"सापडला. नको तितका सापडला. नानाय, तुझी आई नेमकं काय म्हणाली होती? पुन्हा एकदा सांग."

"शंभरदा सांगितलंय."

"एकशेएकाव्यांदा सांग."

कोन्सिंगने पानाला गाठ मारली. ती तेव्हा लहान होती, मे महिना होता. गावातल्या सगळ्या लहान मुली पांढरे झगे घालून मारियामातेला फुलं वाहायला रांगेत उभ्या होत्या. रांग लावणाऱ्या बाईने तिला दंडाला धरून मागे नेलं आणि म्हणाली, बाप कोण ते सांग, मग पुढे ये. मुली हसल्या. बाहेरची, बाहेरची, असं कोणीतरी म्हणालं. आपल्याकडे लग्नाशिवाय झालेल्या पोराला तेच म्हणतात, घराबाहेरचं. ती रडत घरी गेली तेव्हा तिच्या आईने, गोरियाने, हात पुसले आणि म्हणाली, "पुन्हा कोणी विचारलं तर सांग, मी कपितान पासादोची आहे."

"एवढंच?"

"एवढंच. मग ती आजारीच पडली. आणखी विचारायला राहिली कुठे." कोन्सिंगने पुढचं पान घेतलं. "तेव्हापासून मी मान वर करून चालते. मी काही उकिरड्यावरची नाही. माझ्या अंगात कपितानाचं रक्त आहे."

 लहानपणी फेलीनेही मैत्रिणींना हेच ऐकवलं होतं आणि त्यांनीही उलट ऐकवलं होतं की आमच्याही. पामुयानमध्ये कपितानाचं रक्त नाही असं घर शोधून सापडलं नसतं.

समितीचा सर्वेसर्वा होता मानोय तेबान. निवृत्त हेडमास्तर, बोलायला लागला की खडू हातात असल्यासारखी बोटं चिमटीत धरणारा. गावात सगळे त्याला मानोय म्हणत, म्हणजे मोठा भाऊ, आणि तोही सगळ्यांना धाकट्या भावंडांसारखं टोचून बोलत असे. दुसऱ्या दिवशी फेली त्याच्या ओसरीवर गेली.

"ये, ये. तूसुद्धा वंशज का? अगं, काल पाणबुड्या पेपेसुद्धा येऊन गेला. म्हणे त्याच्या आजोबांचे कान कपितानासारखे होते. मी विचारलं, कपितानाचे कान कोणी पाहिलेत? तर म्हणे पुतळ्याला लावाल तेव्हा बघा."

"मानोय, हे पासादो घराणं गेलं कुठे?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पामुयानमध्ये सगळ्यांची आडनावं 'प'ने सुरू होतात. फार पूर्वी मनिलाहून आडनावांची यादी आली, प्रत्येक गावाला तिची थोडी थोडी पानं वाटली गेली आणि आमच्या वाट्याला 'प' आला. जो तो रांगेत उभा राहून मिळेल ते घेऊन गेला. त्यामुळे इथे आडनाव एक असलं म्हणून नातं असेलच असं नाही, आणि सख्खे भाऊ रांगेत पुढेमागे उभे राहिले म्हणून एक पेर्दिगोन झाला आणि दुसरा पेलायो, असंही घडलं. तेव्हा पासादो हे आडनाव कोणाला खटकलं नाही. 'प'च आहे की.

"घराणं निर्वंश झालं," तेबान म्हणाला.

"मग खुर्च्या कोणासाठी?"

तेबानची चिमटी हवेत थांबली. "मुलींकडून चाललेला वंश असणार. आणि मला विचारशील तर ते आडनाव नव्हेच, ती पदवी आहे. पासादो म्हणजे काय? पास झालेला. मी तीस वर्षं पोरांच्या निकालावर हाच शब्द लिहिला. स्पॅनिश लोक काही कोणालाही कपितान करत नसत. परीक्षा असणार. हा पास झाला."

"तीनदा मेलेला माणूस पास झाला?"

"फेली, तू झगे शीव." मग जरा मऊ आवाजात तो म्हणाला, "हे बघ, कोन्सिंगसाठी मलाही वाटतं. पण प्रत्येकाला मी एकच सांगतो. कपितानापासून तुझ्यापर्यंत माणसं जोडून दाखव. एकही कडी तुटली तर खुर्ची नाही. नाहीतर चौकात गावभर खुर्च्या लावाव्या लागतील आणि पुतळ्याला जागा उरायची नाही."

कडी तुटायचा प्रश्नच नव्हता, कारण कडीच नव्हती. एका टोकाला गोरिया, जिच्यामागे कोणाचं नाव नाही. दुसऱ्या टोकाला तीनदा मेलेला माणूस. फेलीने चार दिवस म्हाताऱ्याकोताऱ्यांचे उंबरे झिजवले. एक म्हणाला कपितान काळा आणि ठेंगणा होता, दुसरी म्हणाली छे, उंच आणि चिनी डोळ्यांचा. कोणी म्हणाला त्याने पाद्रीला मारलं, कोणी म्हणाला पाद्रीनेच त्याला मारलं. जितकं विचारावं तितका गुंता वाढत होता. रात्री अंग टाकलं की तिला वाटे, आपल्या आईने आयुष्यभर ज्या खुंटीवर आपली मान टांगली ती खुंटी भिंतीत आहे तरी का? आणि या विचाराची तिला भीती वाटे, कारण आईला जाऊन हे सांगणार कोण.

आणि हे सगळं चाललं असताना काखेत कळसा होता. डोन्या पुराचा फिएस्ताचा झगा फेलीकडेच शिवायला होता.

डोन्या पुरा पेर्दिगोन ही गावातल्या एकमेव दगडी घराची मालकीण, मेयरची आई, म्हणून सगळ्या गावाची डोन्या, म्हणजे बाईसाहेब. वय पंचाहत्तरीच्या आसपास. नन्सच्या शाळेत शिकलेली, अजून मनातल्या मनात हिशेब स्पॅनिशमध्ये करणारी. ती बाजारातून जाताना कोन्सिंगच्या टोपलीशी थांबे तेव्हा म्हणे, "काय कोन्सिंग, बरी आहेस ना गं?" आणि तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी कोन्सिंग उभी राहून म्हणे, "तुमची कृपा, डोन्या." यात कोणाला काही वावगं वाटत नसे. दोघींनाही नाही.

डोन्या आरशासमोर स्टुलावर उभी होती आणि फेली गुडघे टेकून खालच्या शिवणीला टाचण्या लावत होती.

"तुझं लक्ष नाही आज. दुसऱ्यांदा टोचलीस."

"माफ करा, डोन्या. डोक्यात कपितान पासादो घुसलाय."

"कोण?"

"पुतळ्याचा. त्याचं घराणं शोधतेय. पासादो आडनावाचं एक माणूस सापडेल तर शपथ."

 फेलीने मान वर केली तेव्हा डोन्या पुरा तोंडावर पंखा धरून हसत होती, इतकी की स्टूल हलायला लागलं.

"अगं वेडे, ते आडनाव आहे होय? पासादो म्हणजे होऊन गेलेला. माजी. जो कपितान पदावरून उतरला तो कपितान पासादो. एकदा कपितान झाला की माणूस मरेपर्यंत कपितान, फक्त मागे ही शेपटी लागायची. गावात एका वेळी तीन-तीन, चार-चार असत." तिने डोळे पुसले. "म्हणजे माझा मुलगा परवा कोणाच्या पुतळ्यावरचं कापड ओढणार आहे? माजी मुखिया नावाच्या माणसाच्या? आणि तो तेबान भाषण करणार आहे?"

फेलीच्या हातातली टाचणी खाली पडली. तीन मरणं, चार बायका, काळा आणि चिनी डोळ्यांचा, ठेंगणा आणि उंच, सगळे आपापल्या जागी जाऊन बसले. आणि तिची आई मात्र एकदम कुठलीच राहिली नाही. तिला डोन्यासमोर रडायचं नव्हतं, पण रडू आलं.

"अगं, हसण्यावारी ने. रडतेस काय?"

"माझ्या आईला तिच्या आईने सांगितलं होतं. तू कपितान पासादोची आहेस म्हणून. त्यावरच जगली ती, डोन्या. आता मी तिला काय सांगू? तू माजीची आहेस?"

"असेल कोणीतरी माजी," डोन्या पुरा म्हणाली, अजून हसऱ्याच आवाजात. "माझे आजोबासुद्धा कपितान पासादोच होते. शेवटचे. त्यांच्यानंतर अमेरिकन आले आणि कपितानच संपले. पण गावात त्यांना कपितान तिबो म्हणत. पासादो म्हटलेलं त्यांना मुळीच खपायचं नाही. ते फक्त आमच्या स्वयंपाकघरातले लोक, मागे, हळूच..."

ती थांबली.

"तुझ्या आजीचं नाव काय होतं?"

"गोरिया."

"कामाला कुठे होती?"

हे फेलीला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, आणि म्हणूनच कोणी त्याकडे कधी पाहिलं नव्हतं. "इथेच. दगडी घरात. चुलीपाशी."

डोन्या पुरा स्टुलावरून उतरली. झग्याची अर्धी शिवण लोंबत होती. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.  मग बोलली ती खिडकीशीच.

"आमची म्हातारी स्वयंपाकीण सांगायची, गोरिया म्हणून एक होती, चॉकलेट तिच्यासारखं कोणी घोटत नसे. फिएस्ताच्या आदल्या दिवशी माझ्या आजीने तिला जिना उतरायला लावला, कायमचा. का, ते नाही सांगायची." पंखा मिटला, उघडला. "माझे वडील दर रविवारी कोन्सिंगची सगळी टोपली घ्यायचे. आमच्या घरात सुमान कोणी खात नव्हतं. डुकरांना जायचं. मी एकदा विचारलं, पप्पा, नको असतं तर घेता कशाला? तर म्हणाले, तू आत जा. आणि ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत इथेच उभे राहायचे."

फेली गुडघ्यांवरच होती. तिला वाटलं आता डोन्या आणखी काही बोलेल. पण ती वळली तेव्हा तोंड नेहमीसारखं होतं.

"शिवण घरी नेऊन पुरी कर," डोन्या पुरा म्हणाली. "उद्या पाठवून दे."

फेली रस्त्यावर आली ती झगा छातीशी धरून. डोन्या हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. कपितान पासादोची. वंशातली असाही त्याचा अर्थ, आणि लेक असाही. इतकी वर्षं सगळ्यांनी पहिला अर्थ धरला, कारण दुसरा कोणाच्या मनातच आला नाही. आता घरी जाऊन आईला सांगायचं काय? की तुझा बाप दंतकथेतला नव्हता, तो वरच्या मजल्यावर राहत होता, तू त्याच्या खिडकीखालून सुमान विकत गेलीस आणि त्याने कधी हाक मारली नाही? आणि उद्या डोन्या उलटली, म्हणाली मी असं बोललेच नाही, तर? मग म्हातारीला दुसऱ्यांदा रांगेतून मागे नेल्यासारखं होईल. ते पाप फेलीला नको होतं.

म्हणून तिने अर्धंच सांगितलं. पासादो हे नाव नाही, नानाय. त्याचा अर्थ माजी.

कोन्सिंग पान पुसत होती. ती पुसतच राहिली. "म्हणजे आई खोटं बोलली?"

"नाही गं. खोटं नाही."

"मग खरं काय?"

फेलीने डोन्याचा झगा मशीनवर पसरला. कोन्सिंगने ते पान बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं आणि तेच पुन्हा पुसायला लागली. त्या दिवशी प्रथमच तिच्या सुमानची गाठ सुटली आणि भात पातेल्यात पसरला.

तेबानला कळलं तेव्हा तो तासभर चिमटी धरून नुसता बसला. पाटी कोरून झाली होती, अक्षरांत सोनेरी रंग भरला होता. शेवटी त्याने ठरवलं की पुतळा आहे तसाच राहील, कारण चूक दगडात कोरली की तिला इतिहास म्हणतात. खुर्च्यांवरच्या 'वंशज' लिहिलेल्या चिठ्ठ्या मात्र काढल्या. सगळेच वंशज, बसा कुठेही, असं त्याने जाहीर केलं. साहजिकच पहिल्या रांगेत नेहमीचेच लोक बसले.

फिएस्ताच्या सकाळी कोन्सिंग चौकात आली ती टोपली घेऊन, आणि सगळ्यांच्या मागे बदामाच्या झाडाखाली उभी राहिली. फेली म्हणाली, चल, पुढे जागा आहे. ती म्हणाली, "मला इथून दिसतं." मान खाली होती. फेलीने ती मान जन्मात खाली पाहिली नव्हती.

बँड थांबला. तेबान माइकवर घसा साफ करत होता. मेयर कापडाच्या दोरीशी तयार होता. डोन्या पुरा आली, सगळे उठून उभे राहिले, मधली खुर्ची तिच्यासाठी ओढली गेली. ती खुर्चीपाशी थांबली नाही. काठी टेकत ती रांगांच्या मधून मागे चालत आली. लोक वळून बघायला लागले. फेलीला वाटलं, आपण शिवलेला झगा कुठेतरी उसवला आणि ही तो दाखवायला येते आहे.

डोन्या बदामाखाली कोन्सिंगसमोर येऊन उभी राहिली. काठी तिने फेलीकडे दिली.

"हात द्या," ती म्हणाली.

कोन्सिंग गोंधळली. डोन्याला सुमान हवं असेल असं समजून तिने घाईघाईने टोपलीतून एक काढलं आणि पुढे केलं. डोन्या पुराने तो हात सुमानसकट धरला, कमरेत वाकली आणि आपल्या कपाळाला लावला. मोठ्यांपुढे धाकटे वाकतात तशी. चौकात पंख्यांची सळसळ थांबली.

"डोन्या, हे काय करता? लोक बघतायत."

"बघू देत. पुष्कळ वर्षं कोणी बघितलं नाही, तिया."

"तिया?" कोन्सिंगने फेलीकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. "मी तुमची आत्या कशी?"

"तुम्ही माझ्या वडिलांच्या बहीण. कपितान तिबो तुमचे वडील." ती मोठ्याने बोलत होती, पहिल्या रांगेपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने. "आमच्या स्वयंपाकघरात त्यांना कपितान पासादो म्हणत. तुमची आई खोटं बोलली नव्हती."

मेयरने दोरी सोडून दिली होती आणि तो आपल्या बुटांकडे बघत होता. तेबानने माइकवर हात ठेवला. कोन्सिंगचे ओठ हलले. ती काहीतरी जोडत होती, जिना, चूल, खिडकी, रिकामी होणारी टोपली, आणि ते एकात एक बसतं की नाही हे तिचं तिलाच कळत नव्हतं. डोन्याच्या कपाळावरच्या पावडरीत भाताचं एक चिकट शीत अडकलं होतं. कोन्सिंगने वाकड्या बोटाने ते काढलं.

मग ती चालायला लागली. पुढे, रांगांच्या मधून, मान वर करून. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तिने हाताने चाचपली आणि बसली. शेजारच्या खुर्चीवरचा कोणीतरी उठून बाजूला झाला. डोन्या पुरा मागोमाग आली आणि उभीच राहिली, बसावं की नाही हे न कळून.

कोन्सिंगने तिच्याकडे वर बघितलं.

"उभी का राहिलीस, पुरा?" ती म्हणाली. "पाय दुखतील तुझे. बस."

आणि डोन्या पुरा बसली.